मायचं राहिलेलं मस्कत

आमच्या घरात राग माझ्या एकट्याच्या वाट्याला आला होता. वडील मवाळ होते, माय तर त्यांच्याहून मवाळ. मी शाळेत मास्तर आणि घरातही मास्तर. कुणी तोंड उघडलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार. गावात म्हणायचे, मास्तरच्या नाकावर राग हाय, जपून बोला. मला त्याचा अभिमान वाटायचा, ही त्याहून मोठी गंमत. या रागानं माझं स्वतःचं काही बिघडलं नाही. ज्यांचं बिघडलं त्यांनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि आता म्हातारपणी तेच सोसत नाही.

हे चौऱ्याण्णव सालचं. आमचं गाव पालमपासून दोन कोसांवर. धाकटी बहीण लग्न होऊन मस्कतला गेली होती. दाजी तिथं एका कारखान्यात फिटर. दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातच गेलं. दोन्ही वेळा माय इथं देवापुढं बसून राहिली आणि ती तिथं एकटी दवाखान्यात. दुसऱ्या वेळेला माय म्हणाली, "आता तिसऱ्या खेपेला मी जाणार. पहिलटकरणीला माहेर पायजे. तिला येता येत नसंल तर माहेरानं उठून जावं."

मी हसलो. नांदेडच्या पलीकडं न गेलेली बाई, निघाली मस्कतला. पण मायनं पासपोर्टचा धोशा लावला. लेकीला दिवस राहायच्या आधीच हिची तयारी सुरू. फोटो काढायला गेलो तर डोक्यावरचा पदर मागं घ्यायला तयार होईना. फोटोवाला म्हणाला, कान दिसले पाहिजेत. माय म्हणाली, "माझ्या कानात काय हाय बघण्यासारखं?" सहीचा तर वेगळाच तमाशा. अंगठा चालला असता, पण तिला सही करायची होती. पाटीवर रोज संध्याकाळी नाव गिरवायची. दुसऱ्यांच्या पोरांना मी शांतपणे शिकवायचो, मायवर मात्र ओरडायचो. "किती वेळा सांगितलं, काना आधी, मग मात्रा." ती पाटी पुसायची आणि पुन्हा लिहायची. पंधरा दिवसांत शिकली.

अर्ज गेला आणि विद्यापीठाच्या नामांतराचे ते जानेवारीतले दिवस आले. कधी एस.टी. बंद, कधी जमावबंदी. पासपोर्टच्या चौकशीला यायला पोलिसांना फुरसत कुठली. पासपोर्ट हातात पडेपर्यंत उन्हाळा उजाडला. तोवर बहिणीला तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, विमानात बसायचं नाही, जिना चढायचा नाही, खाट सोडायची नाही. दिवाळीच्या सुमाराला बाळंत होईल. दाजींनी मायसाठी व्हिसा पाठवला, दसऱ्यानंतरच्या आठवड्यापर्यंतचा. तोवर तिथं पोचायचं, नाहीतर तो कागद रद्दी.

सगळं जुळून आलं आणि प्लेग आला. आधी बीडकडून बातमी आली. बीड म्हणजे आमच्या अंगणातच. मग सुरतेची आली. परभणीत दुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दोन दिवसांत संपल्या. एस.टी.त कुणी खोकला की बाजूची सीट रिकामी. माणसं तोंडाला रुमाल बांधून बाजाराला जायला लागली. आणि एका सकाळी रेडिओवर ऐकलं, आखाती देशांनी हिंदुस्थानची विमानं बंद केली.

दर रविवारी दाजींचा फोन पालमच्या एस.टी.डी. बूथवर यायचा. त्या रविवारी बहीण स्वतः बोलली. दुसरं काही नाही, एकच विचारत होती, "दादा, माय येणार ना? मला लय भ्या वाटायलंय." मी म्हणालो, "येणार म्हणजे येणार. तू रडू नकोस. मी हाय ना." मी आहे ना. त्या वेळी हे वाक्य तोंडातून किती सहज आलं.

दोन आठवड्यांनी विमानं पुन्हा सुरू झाली. दाजी म्हणाले, निघा लवकर, पुन्हा कधी बंद होतील भरवसा नाही, आणि सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरनं मायच्या मानेला, काखेत चाचपून बघितलं, ताप मोजला, आणि गाठ नाही, ताप नाही, असं लिहून शिक्का मारला. माय बाहेर येऊन म्हणाली, "परदेशात जायला काखा दाखवाव्या लागत्यात हे मला ठावं नव्हतं." त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो. तिकीट आठवड्यानंतरचं होतं. मायनं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले, खारीक, खोबरं, मेथी घालून, आणि पत्र्याच्या डब्यात भरून फळीवर ठेवले.

आता उंदरांचं सांगतो. आमचं माळवदाचं घर, जुन्या मातीच्या भिंती, त्यात उंदरांची ददात नव्हती. लाडवांचा वास सुटल्यावर तर ते दिवसाढवळ्या फळीवर दिसायला लागले. उन्हाळ्यात माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी औषधाच्या गोळ्या ठेवल्या होत्या आणि त्यात आमची मांजर मेली. मी तेव्हा सगळी गल्ली गोळा होईल एवढं बोललो होतो. वर म्हणालो होतो, "पुन्हा घरात औषध आणलंस तर माहेरचा रस्ता धरायचा." उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी ते संध्याकाळी विसरलो. ती विसरली नाही.

निघायला दोन दिवस होते. सकाळी माय ओसरी झाडत होती आणि कणगीच्या मागून एक उंदीर झोकांड्या खात बाहेर आला, दोनदा गोल फिरला आणि तिच्या पायापाशी उताणा पडला. मायच्या हातातला झाडू गळून पडला.

आमच्याकडं जुन्या माणसांना उंदीर पडणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. निजामाच्या काळात उंदीर पडला की घराला कडी घालायची आणि अख्ख्या गावानं शेतात जाऊन राहायचं, ही रीतच होती. मायनं लहानपणी ते बघितलं होतं. तिची थोरली बहीण तेव्हा बाळंतीण होती. शेजारची एक बाई तिला अंघोळ घालायला यायची. तिच्या घरात उंदीर पडला होता आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आठ दिवसांत माझी मावशी गेली, मग ते लेकरू. माय तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. तेव्हापासून तिच्या मनात एक कायदा पक्का बसला होता, उंदीर पडलेल्या घरचं पाऊल बाळंतिणीच्या उंबऱ्याला लागू द्यायचं नाही.

मी बाहेर धावलो आणि भर गल्लीत उभा राहून सांगितलं, घरं खाली करा. रोज वर्तमानपत्र वाचणारा गावात मीच, मग माझ्या शब्दावर शंका कोण घेणार. दुपारपर्यंत दोन गल्ल्या उठून शेतात गेल्या. कुणी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, कुणी झाडाखाली ताडपत्री ताणून. आरोग्य केंद्राला मी स्वतः चिठ्ठी लिहून पाठवली. त्या धावपळीत बायको दोनदा माझ्यासमोर आली. "आवो, त्या उंदराचं मला जरा..." ती म्हणाली. मी म्हणालो, "तू गप बस. उंदीर काय चीज असते तुला माहीत हाय का?" ती गप बसली. चौदा वर्षांच्या संसारात तिला मी एवढं एकच चांगलं शिकवलं होतं.

आखाड्यावर गेल्यावर माय म्हणाली, "माझं जाणं आता न्हाई."

"धा दिवस वाट बघू," मी म्हणालो.

"धा दिवसांनी त्यो कागद चालतो का?"

"न्हाई चालत."

"मग न्हाई." ती चुलीसाठी दगड मांडायला लागली. "तिला एकटीला करू दे. पर माझ्यासंगं तिकडं काही गेलं तर मी कुठं तोंड दाखवू? तू सांग, मी चुकायलेय का?"

मी म्हणालो, "बरोबर हाय तुझं." मला खरंच तसं वाटत होतं. त्या दिवसापुरता मी फक्त मूर्ख होतो, वाईट नव्हतो. लाडवांचा डबा कुणीतरी सोबत आणला होता. मायनं तो बांधावर नेऊन उपडा केला आणि वर माती ओढली. उंदरांच्या घरातलं बाळंतिणीलाही नको आणि दुसऱ्या कुणालाही नको, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कापसात उभा होतो. बायको आली आणि चार हात लांब थांबली. खाली बघत एका दमात बोलली, मी मध्येच तोडू नये म्हणून. "मी औषध ठिवलं होतं. लाडवांसाठी. कणगीमागं पाच गोळ्या. तुमी माहेरी धाडाल म्हणून बोलले न्हाई. आत्याबाईंना जाऊ द्या."

मी ओरडलो नाही. ओरडायला पाहिजे तेव्हा नेमका आवाज गेला. सरळ घराकडं गेलो, कडी काढली आणि कणगीमागं वाकून बघितलं. पाचातल्या दोन गोळ्या शिल्लक होत्या. गेलेल्या तीन गोळ्यांचा हिशेब समोर स्पष्ट होता.

विमान गाठायची रेल्वेगाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परभणीहून होती. अजून दिवस हातात होता. सर्टिफिकेट होतं, तिकीट होतं, पासपोर्टावर पंधरा दिवस गिरवून शिकलेली सही होती. मला फक्त आखाड्यावर जाऊन एवढंच सांगायचं होतं, माय, उंदीर औषधानं मेला, ऊठ.

घरातून परत निघालो तर वाटेत शेताशेतात माणसं दिसत होती. पलीकडच्या बांधाला एक म्हातारा दम्यानं धापा टाकत ताडपत्रीखाली पडलेला. त्याची सून मला बघून उठून उभी राहिली, म्हणाली, "गुरुजी, तुमी होतात म्हणून वाचलो." खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत पालमच्या बाजारात बोलणार, मास्तरनं औषधाच्या उंदरावर गाव उठवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, आता माझी निघणार. मी आखाड्यावर पोचलो. माय शेणानं जमीन सारवत होती. तिनं वर बघितलं. मी म्हणालो, "पाणी हाय का प्यायला?"

बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "कुणाला बोलू नकोस. बघतो मी." मनाला समजावलं, औषधानंच मेला कशावरून. उद्या आरोग्य केंद्राचे लोक येतील, तेच सांगतील, म्हणजे माझं नाकही राहील आणि मायही जाईल. सरकारी माणूस वेळेवर येईल या भरवशावर मी मायचं जाणं ठेवलं. एरवी सरकारी माणसाला नावं ठेवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

ते आले तिसऱ्या दिवशी. गाडी आदल्या संध्याकाळीच गेली होती, आणि व्हिसा संपायच्या आत दुसरं तिकीट मिळणार नव्हतं. त्यांच्यातला एक जण घर बघून बाहेर आला आणि हसत म्हणाला, "गुरुजी, कुणी औषध ठिवलं होतं का?" मी म्हणालो, "चौकशी करावी लागंल." त्यानं पावडर मारली आणि घरी जायला हरकत नाही म्हणाला. लोक परतले. कुणी काही बोललं नाही. उलट दोघं-तिघं म्हणाले, सावध असलेलं बरं. माझं नाक शाबूत राहिलं.

रविवारी बूथवर मी दाजींना सांगितलं, गावात साथ होती, निघता आलं नाही. मागून बहिणीचा आवाज ऐकू येत होता, काय म्हणायलेत, काय म्हणायलेत. दाजींनी फोन तिच्याकडं दिला नाही.

दिवाळीत ती बाळंत झाली. पोट फाडावं लागलं. दाजी कामावर, जवळ कुणी नाही. केरळची एक नर्स हात धरून बसली होती म्हणे. मुलगी झाली, दोघी वाचल्या. तार आली तेव्हा मायनं ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग उठून आत गेली आणि पासपोर्ट लुगड्यांच्या खाली, ट्रंकेच्या तळाशी ठेवून आली.

पुढच्या उन्हाळ्यात बहीण लेकीला घेऊन आली. लेकरू सहा महिन्यांचं, सगळ्यांकडं जायचं, मायकडं जायचं नाही. मायनं हात पुढं केले की आईच्या खांद्यात तोंड लपवायचं. माय म्हणायची, वळख पटंल हळूहळू. एका दुपारी आम्ही ओसरीवर बसलो होतो. बहीण गावात दोन-चार घरी जाऊन आली होती. ती मायला सरळ म्हणाली, "माय, लोकं म्हणायलेत की साथ-बीथ काही नव्हती. कुणाला साधा ताप आला न्हाई. माझ्या शेजारणीची माय त्याच आठवड्यात आली. मी दोन दिवस दवाखान्याच्या दाराकडं बघत होते. तू का आली न्हाईस?"

मी तिथंच बसलो होतो. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आता माझी पाळी होती, इतकी स्पष्ट पाळी माणसाला आयुष्यात दोनदा मिळत नाही. मी पुढं सरकून बसलोही.

माय म्हणाली, "मला भ्या वाटलं गं. येवढालं विमान, खाली समिंदर. ऐन टायमाला पाय गळाले माझे. दादाला मीच म्हणलं, काहीतरी सांग."

बहिणीनं लेकरू उचललं आणि आत गेली. त्या महिन्याभरात ती मायशी नीट बोलली, पण मस्कतचं पुन्हा नाव काढलं नाही. मला काय वाटलं ते लिहितो, लिहायचंच म्हटल्यावर लपवून काय करू. मला सुटल्यासारखं वाटलं. मी असंही म्हणून घेतलं की खरंच भ्याली असेल, म्हातारी बाई, उंदराचं निमित्त झालं असेल. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो.

माय पाच वर्षांनी गेली. बहीण आली तोवर सगळं आटोपलं होतं. दहाव्याला घाटावरून परत येताना ती म्हणाली, "लय चांगली होती, पर भित्री होती रे माय." मी मान हलवली.

त्या रात्री नाही, पुढं कितीतरी दिवसांनी, ज्वारी निवडताना बायको मला म्हणाली, "आत्याबाईंना ठावं होतं."

"काय?"

"औषधाचं. शेतातून घरी आलो त्याच दिवशी मी पाय धरून सांगितलं त्यांना. तुमाला मी आधीच सांगितलं होतं, हेबी सांगितलं." ती सुपातून वर बघत नव्हती. "त्या म्हणल्या, मला कळलंय हे त्याला कळू देऊ नको. लय मनाला लावून घेईल त्यो."

मी उठून बाहेर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बायकोवर ओरडावंसं वाटलं नाही, आणि ओरडायला दुसरं कुणी नव्हतं.

आता बहीण परभणीत असते. दाजी गेले. तीच मस्कतची लेक आता कॅनडात आहे आणि तिला दिवस गेले, ते परवाच्या त्या मोठ्या साथीनंतर, साथ सरली म्हणायची पण भीती सरली नव्हती तेव्हा. विमानं आज चालू, उद्या रद्द. लशीचं सर्टिफिकेट, नाकातल्या तपासणीचा कागद, दहा ठिकाणी सह्या. बहिणीला साठी ओलांडायला दोन-चार वर्षं, गुडघे दुखतात, शुगर आहे. पुतणे म्हणत होते, काकू, नका जाऊ, मध्येच अडकलात तर कोण येणार. ती सगळे कागद पिशवीत घालून माझ्याकडं आली, दादा, फॉर्म भरून दे. मी चष्मा लावून भरत बसलो. नाव, जन्मतारीख, जाण्याचं कारण.

"सगळे भ्या दाखवायलेत मला," ती म्हणाली. "पर मी जाणार. लेक तिथं एकटी हाय. मी काय मायसारखी भित्री न्हाई."

माझं पेन थांबलं. मी तिच्याकडं बघितलं. ती हसत होती आणि हसताना हुबेहूब मायसारखी दिसत होती.

"काय म्हणायलास दादा?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "इथं सही कर."